छापखान्यातून : जांभळाच्या वाइनला हातछापाचं लेबल

या वेळी टपालात लेबलांचीच पत्रं जास्त होती. लग्नपत्रिका आणि बिलबुकांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. सगळ्यात मोठं पत्र आधी घेते, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच येतील.

प्रश्न : ताई, वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बांधावर आजोबांच्या हातची जांभळाची मोठी झाडं आहेत. दरवर्षी निम्मं जांभूळ झाडाखालीच सडायचं, उरलेलं मिळेल त्या भावाने जायचं. मुलगा वाइन बनवायला शिकून आला, परवान्याचं काम झालं आणि यंदा पहिली 225 लिटर जांभूळ वाइन तयार होऊन राहिली आहे. पुढे संत्र्याचीही करायची आहे. लेबलासाठी शहरातल्या एका डिझाइनवाल्याला सांगितलं. त्याने सोनेरी किल्ला, द्राक्षाचा घड आणि वळणदार इंग्रजी अक्षरं असा नमुना पाठवला. छपाई देखणी आहे, पण ते लेबल आमचं वाटत नाही. सून चित्रं काढते. घरीच हाताने लेबल करावं असं आम्हा सगळ्यांच्या मनात आहे. काय काढावं, कशावर छापावं, आणि ते बाटलीवर टिकेल का?
— एक बागायतदार, वरूड तालुका

उत्तर : दादा, तुम्हाला ते लेबल आपलं वाटलं नाही, हे बरोबरच वाटलं. बाटलीत जांभूळ आणि बाहेर द्राक्ष, ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे. द्राक्ष सोडून दुसऱ्या फळाची वाइन असेल तर त्या फळाचं नाव पुढच्या बाजूला ठळक दिसलंच पाहिजे. आणि किल्ल्याबद्दल सांगते. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या बाटल्यांवर जो वाडा कोरलेला दिसतो, तो बहुतेक वेळा त्याच मळ्यातला, त्या मालकाचा खरा वाडा असतो. त्यांनी आपल्या दारासमोरचं चित्र काढलं. तुम्हीही तुमच्या वावरातलं काढा.

आता काय काढायचं? सुनबाईला पहिल्यांदा फळाचं चित्र सुचेल, आणि ते चांगलंही होईल. पण तुमच्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे. जांभूळ उतरवताना एक जण झाडावर चढून फांदी हलवतो आणि खाली चौघं लुगडं किंवा चादर ताणून धरतात, फळ मातीत पडून फुटू नये म्हणून. ती ताणलेली चादर, चार कोपऱ्यांवर चार जोड्या हात, आणि वरून पडणारे काळे ठिपके. चेहरे नकोत, पूर्ण झाडही नको. दोन रंगांत हे चित्र उभं राहतं, दोन हात लांबून ओळखू येतं आणि बाटली हातात घेणाऱ्याला त्या वाइनमागची माणसं दिसतात. फांदी काढाल तेव्हा झाडाखाली बसूनच काढा. जांभळाची पानं समोरासमोर येतात आणि फळांचे झुपके बहुतेक पानांच्या मागे, फांदीच्या जुन्या भागावर लागतात. मोबाइलवरच्या चित्रात ते टोकाला लटकवलेले असतात. तुमच्या तालुक्यातल्या कोणत्याही पोराला तो फरक कळेल.

संत्र्याच्या लेबलाची वेळ येईल तेव्हा अर्धं कापलेलं संत्रं काढू नका. ते सरबतापासून गोळ्यांपर्यंत सगळ्यांवर आहे. आंबिया बहाराच्या फळाने वाकलेलं झाड आणि त्याला चहूबाजूंनी लावलेले बांबूचे टेकू काढा. संत्रा पट्ट्याबाहेर हे दृश्य कोणी फारसं पाहिलेलं नसतं आणि आपल्याकडे ते बघून कोणी थांबत नाही. पण एक सांभाळा : ‘नागपुरी संत्रा’ या नावाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. ते नाव लेबलावर घालायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. नाहीतर नुसतं ‘संत्रा’ लिहा.

काय काढू नये, तेही स्पष्ट सांगते. वारली चित्रं नकोत. ती पालघर-डहाणूकडची कला आहे, त्या लोकांची आहे, तिलाही मानांकन आहे. आपल्याकडच्या प्रत्येक ढाब्याच्या भिंतीवर ती आली म्हणून ती आपली होत नाही. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचे लाकडी स्मृतिस्तंभ, घोडेस्वार आणि चंद्रसूर्य कोरलेले, फार सुंदर असतात. कोरणाऱ्या माणसाचा हात तिकडे जावा असेच असतात. पण ते गेलेल्या माणसांसाठी उभारलेले आहेत. त्यांना बाटलीवर आणू नका. देव, संत, महापुरुष यांचा तर विचारही नको. गांधीजी आणि शिवाजी महाराज यांची नावं व चित्रं व्यापारासाठी वापरायला 1950 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता काम. बाटली कोणती घेतलीत ते लिहिलेलं नाही. सरळ खांद्याची, बोर्दो पद्धतीची घ्या. उतरत्या खांद्याच्या बाटलीवर लेबलाची वरची कड सुरकुतते. 750 मिलीच्या सरळ बाटलीचा घेर साधारण 23-24 सेंटिमीटर भरतो. कागदाची पट्टी गुंडाळून स्वतः मोजा. पुढचं लेबल 90 मिमी रुंद आणि 120 मिमी उंच ठेवा, आणि चित्राचा जीव मधल्या 60 मिमीत असू द्या. कडेचा भाग गोलाईत मागे जातो. चारी हात कडेला नेऊन ठेवले तर समोरून फक्त चादर दिसेल.

ठसा लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या जाड, मऊ तुकड्यावर, कोरा. मी परतवाड्याची, आमच्याकडे सागवानाला तोटा नाही, तरी बारीक कोरीव कामाला सागवान सुचवत नाही. त्याची रेषा मोकळी असते, उभी रेघ काढताना लाकूड ओढून नेतं. लाकडावरच कोरायचं असेल तर हळदू मिळवा. पिवळसर, एकसारखं, दाट लाकूड असतं, पूर्वी त्याच्या फण्या करायचे. पण पहिल्या कामाला लिनोच बरा. उन्हात दहा मिनिटं ठेवला की मऊ होतो आणि पोलाद लोण्यातून जावं तसं चालतं. उन्हाची तर आपल्याकडे कमी नाही.

अक्षरं उलटी कोरावी लागतात. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलट लिहा, कागद पालथा घालून लिनोवर घासा, आपोआप उलटी उमटतील. देवनागरीत अडचण येते ती रफार, अनुस्वार आणि वेलांटीच्या वळणाची. हे भाग एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवले की छापता छापता तुटतात. ‘जांभूळ’ या शब्दात अनुस्वार सुटा आहे, तो टपोरा ठेवा, फळासारखा. शिरोरेषा मात्र तुमच्या कामाची आहे. ती लेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली तर तीच चादरीची कड होऊ शकते आणि अक्षरं तिच्याखाली. सुनबाईला हे करून बघायला सांगा. मला वाटतं, तुमचं लेबल इथेच सापडेल.

कागदाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हातछापाचं निम्मं रूप कागदात असतं. 1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ज्या उद्योगांसाठी जीव टाकला, त्यांत हातकागद होता. सुती चिंध्या कुटून त्याचा लगदा, लगद्याचा कागद. आपल्या पऱ्हाटीचा कापूस धागा होऊन, कापड होऊन, जुना होऊन शेवटी कागद होतो, यापरतं विदर्भाच्या लेबलाला काय हवं? मागवताना सुती चिंध्यांचा, साइझ केलेला (म्हणजे पाणी-शाई लगेच मुरू नये म्हणून खळ दिलेला), 120 जीएसएमच्या (चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा मागा. त्याहून जाड घेतला तर बाटलीच्या गोलाईवर बसत नाही, कडा उठतात. साइझ केलाय की नाही ते ओळखायला कागदावर पाण्याचा थेंब टाका. लगेच आत मुरला तर तो कागद नको. शाई त्यात पसरेल आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर तो लगद्याच्याच रूपात परत जाईल.

हातकागदाचा मोठा ताव 22 बाय 30 इंचांचा असतो. त्यातून तुमच्या मापाची सहा गुणिले सहा, म्हणजे 36 लेबलं निघतात. 225 लिटरच्या 300 बाटल्या होतील. नऊ तावांत 324 लेबलं झाली, पण बारा ताव घ्या. शाई कमीजास्त लागणारच, शिवाय मंजुरीसाठी नमुने द्यावे लागतात. तावाच्या ओबडधोबड कडा कापून फेकू नका. ज्या लेबलांना ती कड येईल त्यांच्यात ती खालच्या बाजूला ठेवा.

छापायचं कसं? तीनशे लेबलं चमच्याच्या पाठीने घासून छापता येतात, पण हात भरून येतात आणि दाब सारखा राहत नाही. त्यापेक्षा तालुक्याच्या गावातला जुना छापखाना शोधा. ऑफसेट आल्यावर बहुतेक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायची छपाईची यंत्रं, भंगारात गेली, पण बिलबुकांवर नंबर टाकायला आणि पावती फाडायच्या भोकांची रेघ मारायला काहींनी एखादं ठेवलेलं असतं. लिनो लाकडावर चिकटवून त्याची एकूण उंची छपाईच्या खिळ्यांइतकी (शिशाच्या अक्षरांइतकी), म्हणजे 23.3 मिमी करा, की तो सरळ चेसमध्ये, म्हणजे यंत्राच्या लोखंडी चौकटीत, बसतो. कमी पडली तर खाली कार्डाचे तुकडे घाला. दोन रंगांसाठी दोन ठसे आणि दोन फेऱ्या. आधी फिका रंग, तो वाळल्यावर गडद. तेलाची शाई उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वाळते, पावसाळ्यात आठवडा धरून चाला. त्याच ट्रेडलवर नंबरिंगचा डबा असेल तर लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात 001 ते 300 नंबर टाकून घ्या. बिलबुकाचाच नंबर, पण जांभळ्या शाईत तो फार शोभतो, आणि ही बाटली तीनशेतली कितवी ते घेणाऱ्याला कळतं.

आता मागचं लेबल. ते हाताने करूच नका. उत्पादकाचं नाव-पत्ता, 750 मिली, अल्कोहोलची टक्केवारी, बॅच, तारीख, किंमत, अन्न परवान्याचा क्रमांक, सल्फाइट (वाइन टिकवायचं द्रव्य) घातलं असेल तर त्याचा उल्लेख, आणि मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका, हा इशारा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांचे नियम 1 एप्रिल 2019 पासून लागू आहेत. त्यांनुसार 200 मिलीपेक्षा मोठ्या बाटलीवर या इशाऱ्याचं अक्षर किमान 3 मिमीचं लागतं. लिनोत 3 मिमीचं अक्षर कोरत बसलात तर डोळे जातील आणि तरी ते नीट वाचता येणार नाही. ही अक्षरं वाचणाऱ्याच्या जिवाशी संबंधित आहेत, ती लख्खच हवीत. ऑफसेटवर किंवा डिजिटलवर, पांढऱ्यावर काळी छापा. मागचं मशीनचं, पुढचं हाताचं, अशी वाटणी केलीत की सुनबाईचा सगळा वेळ आणि सगळा हात चित्राला मिळेल.

आणि एक फार महत्त्वाचं : छापायच्या आधी लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्या. मंजूर नमुन्यात नंतर बदल केला तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक बाटलीवर वेगळं चित्र रंगवायचा विचार असेल तर सोडा. नंबर टाकणार असाल तर नमुन्यातही नंबर असू द्या. ठशावर शाई कुठे गडद, कुठे फिकी येईल, तो हातछापाचा गुण आहे. मजकूर आणि मांडणी मात्र तीच राहिली पाहिजे.

चिकटवायला काय? नुसती मैद्याची खळ भिंतीवर चालते, थंड बाटलीवर ती सुटते. डिंकाचंही तेच, धावड्याचा असो की बाभळीचा, पाण्यात विरघळतो. मी सांगते ती जुनी रीत केसिनची आहे. साय काढलेलं दूध व्हिनेगरने फाडा, चोथा चार पाण्यांनी धुवा, घट्ट पिळा, त्यात थोडी चुन्याची निवळी नव्हे तर विरलेला चुनाच घालून घोटा. मधासारखं पातळ होईल. पाण्याला दाद न देणारा गोंद म्हणून बाटल्यांच्या लेबलांना जगभर केसिन वापरत आले आहेत. मात्र जेवढा लागेल तेवढाच करा, काही तासांत तो घट्ट होतो. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. बाटली हाताळलेला हात तोंडाला लागतो.

मग चाचणी. लेबल लावलेल्या तीन बाटल्या दोन दिवस तशाच ठेवा. एक बर्फाच्या पाण्यात तासभर उभी करा. दुसरी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून दुपारी बाहेर काढा. आपल्या मे महिन्यात तिला किती घाम फुटतो ते बघा. तिसरी आठ दिवस खिडकीत, उन्हात. तिन्हींवर अंगठा घासा. शाई अंगठ्याला आली किंवा कड उठली तर छपाई थांबवा आणि दुरुस्ती करा. वरून लाखेचं पॉलिश द्यायचा सल्ला कोणी देईल. लाख दिसते छान, पण ओलाव्याने तिच्यावर पांढरी साय धरते. त्यापेक्षा स्क्रीन छपाईवाल्याकडून मॅट वार्निशचा पातळ हात मारून घ्या.

प्रश्न : आम्ही सेंद्रिय शेती करतो. आमच्या बाटल्यांच्या लेबलांना हळद, पळसाची फुलं आणि जांभळाचा रस असेच रंग वापरायची इच्छा आहे. चालेल का?
— दोघी बहिणी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : इच्छा मला पटते, रंग मात्र बदला. हळदीचा पिवळा उजेडात फार लवकर उडतो. शिवाय चुन्याशी गाठ पडली की तो लाल होतो, कुंकू पूर्वी असंच करायचे. म्हणजे वर सांगितलेला केसिनचा गोंद लावलात आणि तो कागदातून वर आला, तर पिवळ्या लेबलावर लाल डाग. पळसाचा केशरी होळीला एक दिवस खेळायला सुंदर, दुकानाच्या फळीवर टिकणारा नाही. जांभळाचा रस ओला असताना जो जांभळा दिसतो, तो कागदावर वाळला की काही दिवसांत तपकिरी होतो.

टिकतात ते मातीचे आणि काजळीचे रंग. गेरू, रामरज (पिवळी माती), काजळी. हे उजेडाला घाबरत नाहीत, शेकडो वर्षं भिंतींवर राहिलेले आहेत. निळा हवा असेल तर नीळ, तीही बऱ्यापैकी पक्की. गेरू विकत आणलात तरी पाण्यात कालवून दोन वेळा निथळून घ्या. जाड कण खाली बसतात, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि त्याचा गाळ वाळवायचा. तोच बारीक गेरू. तो उकळलेल्या जवसाच्या तेलात काचेवर घोटून घोटून शाई करा. जवस तर आपल्या विदर्भाचंच. गेरूचा तांबडा आणि काजळीचा काळा हे दोनच रंग घेऊन काम करा. मला विचाराल तर विदर्भाच्या उन्हात पाहिलेले रंग हेच आहेत, आणि या दोघांच्या मध्ये जेवढा कोरा कागद सोडाल तेवढं लेबल उजळेल.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिने तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं इतकं गोड चित्र काढलं आहे की तेच आमच्या वाइनच्या बाटलीवर घ्यावं असं घरात ठरतंय. आपलं मत?
— एक वडील, नागपूर जिल्हा

उत्तर : घेऊ नका. चित्र चांगलं आहे हे मी न बघता मान्य करते, तरी घेऊ नका. तान्हा पोळा मुलांचा सण आहे. लाकडी बैल दिसला की त्या वयाचं प्रत्येक पोर बाटलीकडे हात करेल, आणि मुलांना ओढून घेणारं काहीही दारूच्या बाटलीवर असू नये. मुलीचाही विचार करा. उद्या तिच्या वर्गातली मुलं म्हणतील, हिचं चित्र दारूवर आहे, आणि ते तिला आवडेल की नाही हे आज ती सांगू शकत नाही.

तुम्ही संत्र्याचं स्क्वॉश करता असं पत्रात पुढे लिहिलं आहे. त्या बाटलीवर घ्या तो बैल! तिथे तो शोभेल. खाली तिचं पहिलं नाव छापा आणि पहिली बाटली तिच्या हाताने चिकटवू द्या. वाइनसाठी दुसरं चित्र काढा, मोठ्या माणसांच्या कामातलं.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने आमचा वाइनशी संबंध नाही. आवळा आणि बेलाचं सरबत करतो. हातछापाचं लेबल आम्हाला परवडेल का?
— एक बचत गट, समुद्रपूर तालुका

उत्तर : तुम्हाला जास्त परवडेल, कारण उत्पादन शुल्काच्या मंजुरीची पायरी तुम्हाला नाही. 14 आकडी अन्न परवाना क्रमांक, घटक, माप, तारीख आणि किंमत मागच्या लेबलावर छापून घ्या, आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका पुढे, मालाच्या नावाजवळ द्या. पुढच्यासाठी लिनोचा ठसा एकदाच कोरा आणि तोच दोन्ही सरबतांना वापरा. फळाच्या नावापुरता छोटा ठसा बदलायचा. गटातल्या सगळ्या जणी छापायला बसणार असाल तर शाई एकीनेच लावायची, रोज तीच. हात बदलला की रंग बदलतो. सरबताच्या बाटल्या दुकानात उन्हात ठेवतात, म्हणून वर यवतमाळच्या बहिणींना सांगितलेले रंग तुम्हीही घ्या. समुद्रपूरला वायगावची हळद जवळ आहे, तिचा मोह होईल, पण ती डब्यातच राहू द्या.

प्रश्न : मी चित्रकलेची पदविका घेतलेला मुलगा आहे, अमरावतीत राहतो. एका छोट्या वाइनवाल्याने लेबलासाठी चित्र मागितलं आणि मोबदल्यात वाइनच्या बाटल्या देतो म्हणाला. मोठे चित्रकारसुद्धा असंच करतात असं त्याचं म्हणणं. हे खरं आहे का? मी काय मागावं?
— एक तरुण चित्रकार

उत्तर : तो सांगतोय त्यात खरं आहे, पण अर्धं. फ्रान्समधल्या मुतों रॉथशिल्ड या मळ्याने 1924 साली जां कार्ल्यू या चित्रकाराकडून लेबल करून घेतलं होतं. 1945 पासून ते जवळजवळ दरवर्षी नव्या चित्रकाराचं चित्र लेबलावर घेतात. 1958 ला दाली, 1970 ला शागाल, 1973 ला पिकासो, आणि 2009 ला आपल्या मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. अशा मंडळींना मोबदला बहुतेक वेळा वाइनच्या रूपात मिळत आला, हेही खरं. पण ती जगातल्या सर्वांत महागड्या वाइन्सपैकी एक आहे आणि ते चित्रकार आधीच पोटापाण्याच्या पलीकडे गेलेले होते. तुझ्या रंगांचे, लिनोचे आणि खोलीच्या भाड्याचे पैसे कोणी बाटलीत घेत नाही. रोख माग. मालकाकडे यंदा पैसे कमी असतील तर दोन हप्ते कर, पण आकडा आजच ठरव.

पैशांपेक्षाही मोठी गोष्ट हक्काची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की मोबदला देऊन कोणी रंगचित्र किंवा कोरीव ठसा करवून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. लाकडावर कोरलेले ठसे आणि त्यांचे छापही यात येतात. म्हणजे तू काही लिहून घेतलं नाहीस तर उद्या तेच चित्र टोपीवर, पिशवीवर, दुसऱ्या मालावर येईल आणि तुला बोलता येणार नाही. बाटल्या घेतल्या तरी तो मोबदलाच, हे विसरू नकोस.

म्हणून साध्या मराठीत एका पानावर लिहून घे. चित्र फक्त अमुक वाइनच्या लेबलासाठी, इतक्या वर्षांसाठी. मूळ चित्र आणि ठसा चित्रकाराकडे राहील. दुसऱ्या कशावर वापरायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. मागच्या लेबलावर ‘चित्र’ लिहून त्यापुढे तुझं नाव, वाचता येईल अशा अक्षरात. आणि मंजुरीसाठी नमुना बदलावा लागला तर किती बदल तू त्याच पैशांत करून देशील, तेही लिही, कारण बदल लागतातच. हे सगळं मागायला संकोच वाटेल. तुझ्या वयाच्या मुलांना तो वाटतो हे मी छापखान्यात बसून खूप पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शेतकरी आपल्या मालाचा भाव मागतो, तूही माग. पानावर तारीख टाक, दोघांनी सह्या करा, एक प्रत स्वतःकडे ठेव, आणि चित्र त्यानंतर दे.